जहाजावरची रात्र : मोठ्या कुटुंबासाठी केबिनची आखणी

आमच्या घरातली बारा माणसे सिंगापूरहून सुटणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर न्यायची ठरली, तेव्हा सासूबाईंनी पहिलाच प्रश्न केला, “सगळ्यांना मिळून एकच मोठी खोली नाही का गं मिळत?” प्रश्न अगदी स्वाभाविक होता. लग्नघरात दिवाणखान्यात एका ओळीत गाद्या पडतात आणि कोण कुठे झोपले याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मुंबई-गोवा बोट चालू होती तेव्हा डेकवर सतरंजी पसरून अख्खी कुटुंबे रात्र काढत. माणसे जास्त असली की जागा मोठी शोधायची, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. आजच्या क्रूझ जहाजावर हा हिशेब चालत नाही. तो का चालत नाही, हे समजले की पुढची आखणी बरीच सोपी होते.

माझे प्रतिपादन असे की, या आखणीचे एकक रात्र हे आहे. किती खोल्या आणि केवढ्याला, हे प्रश्न नंतरचे. रात्री कोण कुणाजवळ झोपणार, कोण किती वेळा उठणार आणि उठल्यावर कुणाची झोप मोडणार, हे आधी ठरवायचे आणि त्यावरून खोल्या निवडायच्या. बहुतेक कुटुंबे उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी दर पाहतात, मग दरात बसतील तेवढ्या खोल्या घेतात आणि माणसे त्यांत कोंबतात. आम्हीही पूर्वी एकदा तसे केले होते. त्याची किंमत काय पडली ते पुढे सांगते.

उदाहरण म्हणून आमचेच कुटुंब घेते. सासरे ७६ वर्षांचे, सासूबाई ७१. आम्ही दोघे आणि आमची ८ व ५ वर्षांची मुले. दीर, जाऊ, त्यांची ३ वर्षांची मुलगी आणि १० महिन्यांचा मुलगा. नणंद आणि तिची १२ वर्षांची लेक. सात मोठी, पाच लहान.

बर्थ ही मोजणी कशाची?

जहाजावर खोलीची क्षमता बर्थमध्ये मोजतात, आणि बर्थ म्हणजे केवळ पलंग नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजाचे आकडे पाहा. खोल्या २,८०५. खोलीमागे दोन माणसे धरून प्रवासी ५,६१०. जास्तीत जास्त प्रवासी मात्र ७,६००. मधला जो १,९९० चा फरक आहे, तो तिसऱ्या-चौथ्या बर्थचा. भिंतीतून किंवा छतातून खाली उतरणारे वरचे पलंग, रात्री उघडायचे सोफे, हे सगळे त्यात आले. क्रूझचा सारा व्यवहार खोलीमागे दोन माणसे गृहीत धरून चालतो आणि त्यावरची माणसे ही भर समजली जाते. लहान मुलांचे कुटुंब नेमके या भरीच्या हिश्श्यातले गिऱ्हाईक असते. म्हणून त्याने इतरांपेक्षा लवकर हालचाल करावी लागते.

या भरीला एक पक्की मर्यादा आहे. ‘टायटॅनिक’ १९१२ मध्ये बुडाल्यानंतर १९१४ मध्ये सोलास हा समुद्री सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचा गाभा एवढाच, की जहाजावरच्या प्रत्येक जिवाला बचावसाधनात जागा असली पाहिजे. जहाजाच्या प्रत्येक भागातल्या खोल्यांना आणीबाणीत जमण्याचे ठिकाण, म्हणजे मस्टर स्टेशन, नेमून दिलेले असते आणि तिथल्या माणसांचा आकडा ठरलेला असतो. त्यामुळे असा प्रसंग येतो, की चार बर्थची खोली रिकामी दिसते, पण संगणक तिसरे नाव घेत नाही. एजंट आडमुठेपणा करतो आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्या भागातल्या जागा भरलेल्या असतात. दहा महिन्यांचे बाळही या मोजणीत एक पूर्ण माणूस धरले जाते. “ते तर मांडीवरच असणार” हे विमानात चालते, जहाजावर चालत नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. ती आठवण ज्यांच्या घरात आहे त्यांना, बोटीवर माणसे मोजण्याला किती अर्थ आहे, हे वेगळे सांगायला नको.

यातून व्यवहाराचा पहिला नियम निघतो. सफर विक्रीला येते तेव्हाच, म्हणजे वर्ष-सव्वा वर्ष आधी, चार बर्थच्या आणि आतून जोडलेल्या खोल्या धराव्यात. त्या मुळात थोड्या असतात आणि सगळी मोठी कुटुंबे त्यांच्याच मागे असतात. बाळाचे वयही याच टप्प्यावर तपासावे. रॉयल कॅरेबियनसारख्या कंपन्या साध्या सफरींना बाळ किमान ६ महिन्यांचे आणि महासागर ओलांडणाऱ्या लांब सफरींना १२ महिन्यांचे मागतात, आणि हे वय सफर निघते त्या दिवशीचे धरतात. जन्माला यायच्या बाळाचे बुकिंग करताना हे विसरून चालत नाही.

१६० चौरस फूट

खिडकी नसलेली आतली केबिन साधारण १५० ते १८० चौरस फुटांची असते. मुंबईकराला हा आकडा ओळखीचा आहे. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्या खोल्यांत पिढ्या वाढल्या, मग चार रात्री काढणे काय कठीण, असे कुणी म्हणेल. पण चाळीतल्या खोलीत रात्री जमीन मोकळी होते आणि अंथरुणे पसरली जातात, शिवाय बाहेर सामाईक गॅलरी असते. केबिनमध्ये जमीन कधीच मोकळी होत नाही. मधोमध जोडपलंग, एका बाजूला सोफा, आरसा-टेबल, कपाट, आणि त्याच क्षेत्रफळात न्हाणीघरही. वरचे पलंग उतरवले, सोफा उघडला आणि बाळाचा घडीचा पाळणा मांडला की चालायला वीतभर वाट उरते. कधी तीही उरत नाही.

आम्ही निघण्याआधी एक प्रयोग केला. कंपनीच्या आराखड्यावरून खोलीची मापे घेतली आणि दिवाणखान्याच्या फरशीवर खडूने आखली. दहा फूट बाय सोळा फूट. त्यात पलंगाच्या मापाच्या गाद्या टाकल्या, सोफ्याच्या जागी सतरंजी, पाळण्याच्या जागी कपड्यांची टोपली. मग दिवे घालवून जावेला म्हटले, “आता बाळाला घेऊन न्हाणीघरापर्यंत जा.” दुसऱ्या पावलाला तिचा पाय टोपलीत गेला. तिसऱ्या पावलाला ती मुलीच्या उशीवर होती. तीन खोल्यांत चार-चार माणसे, तीन चोक बारा, ही आमची पहिली योजना त्या संध्याकाळीच बाद झाली. कोणत्याही कुटुंबाने बुकिंगआधी हा अर्ध्या तासाचा प्रयोग करावा, असे मी आग्रहाने सांगेन. कागदावरचे चौरस फूट काही सांगत नाहीत, पाय सांगतात.

वरच्या पलंगाला पुलमन बर्थ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत शयनयान डबे बांधणाऱ्या जॉर्ज पुलमन यांचे नाव त्याला चिकटले. आपल्या रेल्वेच्या अप्पर बर्थशी त्याचे साम्य आहे, म्हणून मुलांना त्याचे भारी आकर्षण असते. पण सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या पलंगावर झोपवू नये, असे अमेरिकेचा ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग सांगतो, आणि जहाज हलते हे लक्षात घेतले तर तो सल्ला इथे अधिकच लागू होतो. म्हणजे आमच्या पाच मुलांपैकी वर झोपू शकणारी दोनच : १२ वर्षांची आणि ८ वर्षांचा. सासू-सासरे शिडी चढणार नाहीत. चार बर्थच्या खोलीतले दोन बर्थ वरचे असतील तर आमच्या दृष्टीने ती बहुधा दोनच माणसांची खोली ठरते. बुकिंग करताना “चौघांची खोली” एवढ्यावर समाधान मानू नये. त्यातले खाली किती आणि वर किती, सोफा एकाचा की दोघांचा, हे विचारावे. बाळाला उघडलेल्या सोफ्यावर मोठ्या माणसाशेजारी झोपवणे धोक्याचे आहे. पाठ आणि गादी यांच्यातल्या फटीत तान्हे बाळ सरकते. पाळणा बहुतेक जहाजांवर फुकट मिळतो, पण मोजके असतात, म्हणून मागणी बुकिंगबरोबरच नोंदवावी.

कोण कुणाजवळ

आता मूळ मुद्दा. चार वर्षांपूर्वी आम्ही नऊच जण होतो आणि एका कंपनीच्या स्वस्त दराला भुललो. त्या दरात खोलीचा प्रकार ठरतो, पण क्रमांक कंपनी तिच्या सोयीने नंतर देते. आम्हाला तीन खोल्या मिळाल्या, तीन वेगवेगळ्या डेकवर. दुसऱ्या रात्री अडीच वाजता माझ्या तेव्हा वर्षभराच्या मुलीला ताप चढला. थर्मामीटर आणि औषधाची पिशवी सासूबाईंच्या खोलीत, पाच मजले वर. मी गाऊनवर ओढणी घेतली, मूल खांद्यावर टाकले आणि त्या लांबच लांब कॉरिडॉरमधून निघाले. दोन्ही बाजूंना एकसारखी दारे, पायाखाली एकसारखे कार्पेट. जहाजाचे तोंड कुठे आणि शेपूट कुठे, तेच कळेना. उलट्या दिशेने चालत गेले आणि परत फिरले. खोली सापडायला वीस मिनिटे लागली. ताप साधाच होता, सकाळी उतरला. पण त्या वीस मिनिटांनी मला शिकवले, की खोली केवढी आहे याच्यापेक्षा ती कुणापासून किती पावलांवर आहे, हे महत्त्वाचे. तेव्हापासून क्रमांक न देणारा दर आमच्या घरात बाद आहे, कितीही स्वस्त असला तरी.

अंतराचे तीन प्रकार धरावेत. पहिला, आतून दार असलेल्या कनेक्टिंग खोल्या. दोन्ही बाजूंची कडी केबिन स्ट्यूअर्डकडून काढून घेतली की त्या दोन खोल्यांचे एक घर होते. दुसरा, भिंतीला भिंत लागून असलेल्या पण आतून न जोडलेल्या. तिसरा, कॉरिडॉरच्या समोरासमोर. विक्रीच्या बोलण्यात पहिल्या दोन प्रकारांची सर्रास सरमिसळ होते. “शेजारच्या देतो” म्हणजे कनेक्टिंग असे समजू नये. डेकच्या आराखड्यावर त्यांची खूण वेगळी असते, ती स्वतः पाहावी. कनेक्टिंग दाराचा एक तोटा असा, की त्यातून आवाज येतो. म्हणून दाराच्या पलीकडे आपलेच माणूस असेल तरच अशी खोली घ्यावी. परक्याच्या खोलीला जोडलेली खोली तान्ह्या बाळाला घेऊन घेणे दोन्ही बाजूंना ताप.

रात्रीची नोंद आम्ही घरी आठवडाभर केली. अगदी वहीत. बाळ : तीन वेळा उठते, दूध. तीन वर्षांची : एकदा उठते, आई जवळ आहे याची खात्री करते, झोपते, पण बाळ रडले की तीही रडते. सासरे : चार वेळा लघवीला, दिवा लावल्याशिवाय जात नाहीत. सासूबाई : पाचला जाग, मग हलक्या आवाजात स्तोत्रे. पाच वर्षांची : लाथा मारते. आठ वर्षांचा आणि बारा वर्षांची : गाढ. नणंद : आवाजाने जागी होते आणि पुन्हा झोप लागत नाही. ही वही समोर ठेवली की वाटणी जवळजवळ आपोआप पडते. बाळ आणि तीन वर्षांची एका खोलीत नकोत, पण आई दोघांच्या हाकेवर हवी. म्हणून कनेक्टिंग जोडी : एका खोलीत जाऊ आणि बाळ, दुसरीत दीर आणि मुलगी, मधले दार रात्री वीतभर उघडे. सासू-सासऱ्यांना त्यांची स्वतंत्र खोली, लिफ्टजवळ, या जोडीच्या समोर. नणंद आणि तिची लेक एका खोलीत, बाळापासून जरा लांब. आम्ही चौघे एकाच खोलीत, आठ वर्षांचा वर, पाच वर्षांची सोफ्यावर, लाथांच्या कक्षेबाहेर. एकूण पाच खोल्या, सगळ्या एका डेकवर, एका कॉरिडॉरच्या तीस पावलांत.

नवरा-बायकोने वेगळ्या खोल्यांत झोपायचे, यावर दिराने थोडी कुरकुर केली. पण बाळंतपणानंतर आपल्या घरांत हे नेहमीच चालत आले आहे. बाळंतिणीजवळ सासू किंवा आई झोपते, नवरा बाहेरच्या खोलीत. घराची ही जुनी रीत जहाजावर फार उपयोगी पडते. अनेक कंपन्यांचा नियमही याच दिशेने जातो. प्रत्येक खोलीच्या नोंदीत एक सज्ञान माणूस लागतो. रॉयल कॅरेबियनच्या सफरींत अमेरिकेहून निघताना हे वय २१, सिंगापूरसारख्या ठिकाणाहून १८. आईवडील जोडखोलीत किंवा लगतच्या खोलीत असतील तर सूट मिळते.

सिंगापूरच्या सफरींत एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे घड्याळ. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथे रात्री नऊ वाजतात तेव्हा मुलांच्या शरीराचे साडेसहाच झालेले असतात. पहिल्या दोन रात्री मुले साडेअकरापर्यंत टक्क जागी राहतात आणि सकाळी आठला हलत नाहीत. सासूबाईंना पाचला येणारी जाग मात्र तिथल्या साडेसातला येते, म्हणजे सोयीची. लहान मुले आणि म्हातारी माणसे एकाच खोलीत ठेवली तर हा अडीच तासांचा फरक दोघांनाही छळतो.

बाळाचा हिशेब आणखी वेगळा आहे. मुलांचे क्लब साधारणपणे तीन वर्षांपासून पुढच्या आणि डायपर सुटलेल्या मुलांना घेतात. डायपरमधल्या बाळाला तलावातही उतरू देत नाहीत. म्हणजे दिवसाचा मोठा भाग बाळ खोलीतच असणार. त्याला दिवसातून दोन छोट्या रात्री आणि एक मोठी रात्र असते, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी मोठे माणूस त्या खोलीत अडकते. इथे खिडकी नसलेली आतली खोली माझ्या मते सगळ्यात चांगली. दार लावले की भर दुपारी मिट्ट काळोख होतो आणि बाळ दोन तास झोपते. बसलेल्या माणसाने कनेक्टिंग दारापलीकडे दिवा लावून वाचावे. आंधळी खोली म्हणून तिला नाक मुरडणाऱ्यांनी तान्ह्या बाळाबरोबर उन्हाच्या खोलीत दुपार काढून पाहावी.

न्हाणीघर

केबिनचे न्हाणीघर कारखान्यात तयार होऊन आख्खे जहाजात बसवलेले असते. त्यात बहुधा टब नसतो. उभ्याने शॉवर घेण्यापुरती गोल किंवा चौकोनी जागा, आणि दारात चांगला चार-सहा इंचांचा उंबरा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो असतो, पण रात्री चार वेळा उठणाऱ्या ७६ वर्षांच्या माणसाला तो पहिला अडथळा आहे. आम्ही सासऱ्यांच्या उंबऱ्यावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि न्हाणीघरातला दिवा रात्रभर चालू ठेवून दार किलकिले ठेवले. बाळाला आंघोळ घालायला हवा भरायचा छोटा टब आणि एक प्लॅस्टिकचा तांब्या नेला. शॉवरची धार तोंडावर आली की बाळ घाबरते, तांब्याने पाणी घातले की हसते. पाच खोल्या म्हणजे पाच न्हाणीघरे, आणि बंदरावर उतरायच्या सकाळी बारा माणसांसाठी याहून मोठी चैन नाही. डिस्नेने १९९८ च्या ‘डिस्ने मॅजिक’पासून एका खोलीत दोन भाग केले, एकात संडास आणि बेसिन, दुसऱ्यात आंघोळ आणि बेसिन. मुलांच्या कुटुंबाची खरी अडचण ओळखणारा हा बदल होता. तो अजून सगळीकडे पोचला नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

दूध-पाण्याची सोयही इथेच पाहून घ्यावी. बाहेरची किटली किंवा इस्त्री आगीच्या भीतीने जहाजावर नेऊ देत नाहीत, आणि खोलीतला छोटा फ्रीज घरच्या फ्रीजइतका गार नसतो. गरम पाण्यासाठी बुफेपर्यंत जावे लागते. म्हणून थर्मास दोन न्यावेत आणि बाळाची खोली लिफ्टपासून फार लांब नसावी.

हेलकावे आणि आवाज

आपल्याकडे “बोट लागते” म्हणतात. ती सगळ्यांना सारखी लागत नाही. दोन वर्षांखालच्या बाळांना क्वचित लागते, त्यापुढच्या मुलांना बाराव्या वर्षापर्यंत सर्वाधिक. म्हणजे खोलीची जागा निवडताना बाळापेक्षा पाच-आठ वर्षांच्या मुलांचा विचार आधी करायचा. जहाज पुढे-मागे डुलते ते साधारण मध्याभोवती, सी-सॉप्रमाणे. ३०० मीटर लांबीचे जहाज फक्त एक अंश डुलले तर मध्यापासून १४० मीटरवरची, म्हणजे अगदी पुढची खोली सुमारे अडीच मीटर वर जाते आणि तितकीच खाली येते. मध्यापासून २० मीटरवरची खोली जेमतेम ३५ सेंटिमीटर हलते. हलणे एकाच जहाजाचे, फरक सातपटींचा. आडव्या डोलण्याला जहाजाचे पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, बरेच आवरतात. पुढे-मागे डुलण्यावर त्यांचा इलाज नाही. म्हणून मध्यभागी आणि खालच्या डेकवर खोली घेणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, कारण खालच्या खोल्या बहुधा कमी दराच्या असतात. सिंगापूरहून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या सफरींत पाणी दोन्ही किनाऱ्यांच्या आडोशाला असते, तिथे हा प्रश्न सौम्य. मुंबईहून लक्षद्वीपकडे जाताना उघडा अरबी समुद्र लागतो आणि जहाजही लहान असते. २०२१ पासून मुंबईहून ये-जा करणारे ‘एम्प्रेस’ मुळात १९९० चे, सुमारे ४८,००० टनांचे. ‘आयकॉन’च्या पाचव्या हिश्श्याचे. तिथे मधली खोली मिळवण्यासाठी हट्ट धरावा.

आवाजासाठी डेकचा आराखडा वर-खाली दोन्हीकडे पाहावा. आपल्या खोलीच्या डोक्यावरही खोलीच असावी आणि पायाखालीही. तलावाच्या डेकखाली पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, नाट्यगृहावर मध्यरात्रीपर्यंत ढोल.

बाल्कनी कुणाला?

एका खोलीला बाल्कनी घ्यायची, एवढी चैन आम्ही ठरवली होती. ती मुलांना द्यावी असे सगळ्यांना वाटत होते. मी अडून बसले आणि ती सासू-सासऱ्यांच्या खोलीला घेतली. अमेरिकेच्या २०१० च्या क्रूझ सुरक्षा कायद्यात कठड्याची किमान उंची ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर आहे. तीन वर्षांचे मूल साधारण ९५ सेंटिमीटरचे. कठडा त्याच्या डोक्यावरून जातो, म्हणजे सुरक्षित, असे वाटते. पण प्रत्येक बाल्कनीत दोन खुर्च्या आणि एक टेबल असते, आणि खुर्ची ओढत नेऊन तिच्यावर चढणे हा तीन वर्षांच्या मुलाचा रोजचा उद्योग आहे. दाराची कडी उंचावर असते, तरी झोपलेल्या आईबापांच्या खोलीत पहाटे सहाला जागे झालेले मूल आणि एक बाल्कनी, हा संयोग मला मान्य नाही. जिथे लहान मूल झोपत नाही तिथे बाल्कनी असावी. मग ती घराच्या ओसरीसारखी वापरता येते. दिवसा मुले आजी-आजोबांकडे येतात, एक मोठे माणूस डोळ्यांत तेल घालून कठड्याशी बसते, खुर्च्या आत घेतलेल्या असतात, आणि रात्री ते दार बंद होते.

पैसा

पैशाचा विचार शेवटी, पण तो टाळून चालत नाही. समजा, आतल्या खोलीत पहिल्या दोघांचा दर माणशी १००, तिसऱ्या-चौथ्याचा ६०, आणि बाल्कनीच्या खोलीत पहिल्या दोघांचा १५०, पुढच्यांचा ६०. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. दिराच्या चौघांना एक बाल्कनीची खोली घेतली तर ४२०. दोन कनेक्टिंग आतल्या खोल्या घेतल्या तर ४००. दुप्पट जागा, दुप्पट न्हाणीघरे, आणि पैसे उलट कमी. मात्र एक बाब ध्यानात ठेवावी : बापाबरोबर दुसऱ्या क्रमांकावर नोंदलेले तीन वर्षांचे मूल मोठ्या माणसाचा पूर्ण दर देते. सवलत वयाला नसते, तिसऱ्या-चौथ्या बर्थला असते. आमच्या बाराजणांचा हिशेब : चौघांच्या तीन आतल्या खोल्या ९६०, आमच्या पाच खोल्यांची योजना ११२०. फरक १६०, म्हणजे सहाव्या हिश्श्याइतका जास्त. सासऱ्यांची बाल्कनी धरून १२२०. बंदराचा कर आणि बक्षिसी माणशी असल्याने ती दोन्हीकडे सारखीच राहते. हा सहावा हिस्सा वाचवायचा असेल तर मी बाल्कनी सोडेन, जेवणाची महागडी उपाहारगृहे सोडेन, बंदरावरच्या कंपनीच्या सहली सोडेन. कनेक्टिंग दार सोडणार नाही.

चढण्याच्या दिवशी

कागदावर कोण कुठे आणि प्रत्यक्षात कोण कुठे, यांत कधी कधी फरक पडतो, कारण मुले रात्री खोल्या बदलतात. तेव्हा एक काळजी घ्यावी. प्रत्येकाच्या कार्डावर मस्टर स्टेशनचे अक्षर छापलेले असते. बाराही कार्डे एकत्र ठेवून ती अक्षरे एक आहेत ना, ते पाहावे. एका डेकवर, एका भागात खोल्या घेण्याचा हाही फायदा, की बहुधा ती एकच निघतात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाशी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ आपटले, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या सुमारे ७०० प्रवाशांची कवायत व्हायची होती. १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच कवायत बंधनकारक झाली. मुलांना कंटाळा येतो म्हणून ती चुकवू नये. उलट मुलांनाच वाट दाखवायला सांगावे. आमच्या आठ वर्षांच्याने दोनदा वाट चुकवली, तिसऱ्यांदा बरोबर नेले.

खोलीत शिरल्यावर स्ट्यूअर्डला चार गोष्टी सांगायच्या : मधले दार उघड, दिराच्या खोलीतले जोडपलंग वेगळे करून एक भिंतीला लाव, पाळणा आण, सोफा दिवसा मिटलेला ठेव. मग कपाट उघडून लाईफजॅकेट मोजायची. कपाटात असतात ती मोठ्यांची. चोवीस तासांहून लांब सफरीवर प्रत्येक तान्ह्या बाळासाठी त्याच्या मापाचे जॅकेट असणे सोलासप्रमाणे आवश्यक आहे, पण ते मागावे लागते. आमच्या जावेने ते पहिल्याच दुपारी मागून घेतले, पलंगावर बाळाला घातले, पट्टे कसे ओढायचे ते दोनदा करून पाहिले, आणि दाराच्या आतल्या खुंटीला, अंधारातही हाताला लागेल अशा उंचीवर, टांगून ठेवले.